पितृपक्षात नको

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या त्या ऑफिसात मी सहा वर्षं नोकरी केली, आणि तिथल्या अकरा जणांच्या सह्या मी स्वतः टेबलाटेबलाशी जाऊन गोळा केल्या. बारावी सही माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे, आणि स्वतःला मी त्यातून अलगद बाहेर काढलं असं कुणाला वाटायला नको.

कंपनी छोटी होती. हॉस्पिटलांच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रक्त तपासून झालं की पेशंटचं नाव आणि त्याखाली आकडे असा जो कागद छापून येतो, तो आमच्या प्रोग्रॅममधून यायचा. मालक आपलेच, पुण्याचे. माझा नवरा रीडिंगच्याच हॉस्पिटलात डॉक्टर, त्यामुळे ओळख आधी घरची आणि मग नोकरीची. ते मला वहिनी म्हणत आणि मी त्यांना भावजी. ऑफिसातसुद्धा. शुक्रवारी त्यांच्या घरून बटाटेवड्यांचा मोठा डबा यायचा, इंग्रज मंडळी नाकडोळे पुसत चटणी खायची, आणि भावजी दर शुक्रवारी तेच म्हणायचे, "ही कंपनी नाही, हे घर आहे." मला ते फार आवडायचं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

माझं काम टेस्टिंगचं. बाकीच्यांनी प्रोग्रॅम लिहायचा आणि मी तो कुठे मोडतो ते शोधून काढायचं. मेथी निवडताना आपण जशी अळी शोधतो, त्याच नजरेनं मी त्या स्क्रीनकडे बघायची. जे सापडेल ते एका लाल कण्याच्या जाड वहीत तारीख घालून लिहायची. दर शुक्रवारी, वडे यायच्या आधी, भावजी ती वही वाचत आणि पानाच्या खाली स्वतःची आद्याक्षरं टाकत. ही पद्धत त्यांनीच घातलेली होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. एक प्रोग्रॅमर भांडून नोकरी सोडून गेला आणि जाताना नोकरदारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या इंडस्ट्रियल ट्रिब्युनलला जाईन म्हणाला. गेला नाही तो, पण भावजींच्या ते मनाला लागलं. महिन्याभरात त्यांनी सगळ्यांसाठी एक कागद काढला. नोकरीतला कुठलाही वाद कंपनीनं नेमलेल्या लवादापुढे जाईल, लवादाचा निर्णय अखेरचा राहील, आणि कुणीही ट्रिब्युनलकडे किंवा कोर्टात जाणार नाही. खाली सही.

"वहिनी, तुम्ही फिरवा हा," ते म्हणाले. "मी दिला तर ऑर्डर वाटेल. तुमच्यावर सगळ्यांचा ट्रस्ट आहे."

लवाद म्हणून त्यांनी ज्यांचं नाव घातलं, ते गृहस्थ लंडनच्या कडेला स्टॅनमोरला राहायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. एका मोठ्या इंग्रज कंपनीत त्यांनी तीस वर्षं नोकरांच्या नेमणुका आणि नियम बघणाऱ्या पर्सोनेल खात्यात काढली होती. आमच्या मंडळाचा गणपती त्यांच्याच हस्ते बसायचा, मंडळातल्या नवराबायकोची भांडणंही त्यांच्याच दिवाणखान्यात मिटायची. अशा माणसाचं नाव कागदावर आहे म्हटल्यावर मला विचार करण्यासारखं काही उरलंच नाही.

फक्त एकीनं प्रश्न विचारला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी इंग्रज बाई, टेस्टिंगमधलीच, वयानं माझ्याहून थोडी मोठी. तिनं तो कागद दोनदा वाचला.

"याला नेमणार कोण?" तिनं विचारलं.

"कंपनी."

"आणि कंपनीशीच भांडण असलं तर?"

"तू त्यांना ओळखत नाहीस," मी म्हणाले. "इतका सरळ माणूस तुला लंडनभर शोधून सापडणार नाही."

तिनं कागदाची घडी केली, पर्समध्ये घातली आणि उद्या देते म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सही करून तो माझ्या टेबलावर ठेवला. दुपारनंतर बाकीच्यांच्या सह्या गोळा करून मी गठ्ठा भावजींना नेऊन दिला. एकही नकार न येता बारा सह्या झाल्या म्हणून त्यांनी त्या शुक्रवारी वड्यांबरोबर श्रीखंडही आणलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, जूनमध्ये, मला एक चूक सापडली. दोन मशीनवर दोघांनी एकाच क्षणी दोन पेशंट उघडले, तर कधी कधी एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावाखाली छापले जायचे. रोज होत नव्हतं. पण मी सलग तीन दिवस तेच करत बसले आणि चार वेळा झालं. वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि शुक्रवारी वाचतील तेव्हा वाचतील म्हणून न थांबता भावजींच्या खोलीत जाऊन सांगितलं.

"बघतो, वहिनी," ते म्हणाले. "पण हॉस्पिटलला जुलैची डेट दिली आहे."

शुक्रवारी त्या पानाखाली त्यांची आद्याक्षरं पडली. जुलैत प्रोग्रॅम गेला. चूक तशीच होती.

ऑगस्टमध्ये त्या हॉस्पिटलातल्या एका नर्सच्या लक्षात आलं, की समोर बसलेला म्हातारा आणि हातातला रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत. तिचं भलं होवो, कुणाला काही झालं नाही. पण हॉस्पिटलनं जाब विचारला, आणि भावजींनी उत्तर दिलं की ही चूक टेस्टिंगमधून निसटली, संबंधित व्यक्तीला आम्ही कामावरून काढून टाकत आहोत. संबंधित व्यक्ती म्हणजे मी. ऑगस्टच्या मध्यावर, एका सोमवारी, मला ते पत्र मिळालं. त्यात 'निष्काळजीपणा' असा शब्द होता.

नोकरी गेल्याचं दुःख मला झालं, नाही असं नाही. पण त्या शब्दानं माझी झोप उडाली. डोळ्यांत तेल घालून जी चूक मी शोधली, तीच माझ्या नावावर टाकली होती. मला दुसरं काही नको होतं. ही चूक मी पकडली होती आणि सांगितली होती, एवढं कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. टेस्टिंगची नोकरी दुसरीकडे मिळवायची तर त्याशिवाय मिळणारही नव्हती.

सुदैवानं वही त्या दिवशी माझ्या पिशवीत होती. ती मी घरी आणली होती.

"काकांकडे जा," नवरा म्हणाला. "त्याचसाठी तर तो कागद केलाय. आपल्या आपल्यात मिटेल."

मी काकांना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "मी दोन्ही बाजूंचा आहे, अगं," ते म्हणाले. "दोघांना समोर बसवूनच बोलू. पण आता गणपतीची गडबड. तुलाही मोदकांचं बघायचंय. गणपती होऊन जाऊ देत."

त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या मध्यावर होते. मंडळाच्या मोदकांचं माझ्याकडेच असायचं, त्या वर्षीही होतं. आरतीला भावजी सहकुटुंब आले होते. मी त्यांच्या बायकोच्या हातात तबक दिलं, आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. त्याच दिवशी मी काकांना बाजूला घेऊन लाल वही त्यांच्या हातात दिली. फोटोकॉपी काढून ठेवावी असं मनात आलं होतं, पण मग वाटलं, काकांना देताना कॉपी काढून द्यायची म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. काकांनी वही कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. ते कुलूप बघून मला किती बरं वाटलं होतं!

विसर्जन झाल्यावर त्यांचाच फोन आला.

"पुढच्या संडेला बसूया का? पण पितृपक्ष लागतोय बघ. तुला चालेल?"

"नको काका," मी म्हणाले. "पितृपक्षात नको. चांगलं काम आहे, चांगल्या दिवशी करू."

"जशी तुझी इच्छा," काका म्हणाले.

या देशात येऊन मला पंधरा वर्षं झाली होती. पितृपक्षात मी इथे फ्रिज विकत घेतला होता, मुलीला नव्या शाळेत घातलं होतं. पण काकांनी विचारल्यावर माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही. वडीलधाऱ्या माणसानं तिथीचं विचारलं की आपण आपोआप आपल्या आईच्या आवाजात उत्तर देतो.

मग नवरात्र आलं. काकांकडे घट बसतात, म्हणजे दसऱ्यानंतर. दसरा झाला तर भावजी आठ-दहा दिवस पुण्याला गेले. ते आले तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती, आणि दिवाळीत असले विषय कोण काढतं? मी प्रत्येक वेळी "हो काका" म्हटलं. शेवटी तारीख ठरली ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास.

काकांच्या दिवाणखान्यात आम्ही तिघं बसलो. काकूंनी चहा आणि उरलेले शंकरपाळे आणून ठेवले आणि त्या आत गेल्या. भावजींनी येताना पेढे आणले होते. माझी वही काकांसमोर टीपॉयवर होती.

भावजी पाचेक मिनिटं बोलले. वहिनींबद्दल मनात आदरच आहे, पण हॉस्पिटलला काहीतरी उत्तर द्यायलाच हवं होतं, वगैरे. मग मी बोलले. जूनमधल्या त्या पानाचं सांगितलं, आद्याक्षरांचं सांगितलं.

"काका, वही उघडा ना. पान मी दाखवते."

काकांनी वहीवर तळहात ठेवला. "वहीचा प्रश्न नाही, अगं. प्रश्न संबंधांचा आहे."

"पण त्यात यांची सही आहे."

"तुला मी चार वर्षं ओळखतो आणि याला पंधरा. दोघंही खोटं बोलणारी माणसं नव्हेत. मग कुणा एकाला खोटं पाडून मी काय मिळवू?"

असं म्हणून त्यांनी फाईलमधून टाईप केलेले दोन कागद काढले आणि वाचले. दोन्ही बाजूंचं म्हणणं सविस्तर ऐकून घेतलं. चूक टेस्टिंगमधून निसटली हे खरं, मात्र त्यामागे वाईट हेतू नव्हता. कंपनीनं नोकरीच्या तारखा घातलेलं पत्र द्यावं. हा वाद इथे संपला आहे. वाचून झाल्यावर एक प्रत त्यांनी मला दिली, एक भावजींना. वही उचलून तीही भावजींना दिली, ती कंपनीची प्रॉपर्टी म्हणून.

भावजींनी पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला. "वहिनी, मनात काही ठेवू नका." आणि मी पेढा घेतला. घेतला नुसता नाही, खाल्ला. आजही कुणी पेढा पुढे केला की मला तो दिवाणखाना आठवतो आणि मी नको म्हणते.

परत येताना गाडी नवरा चालवत होता. एम पंचवीस मोटरवेवर नेहमीसारखी गर्दी होती. मी ते कागद पुन्हा वाचायला घेतले, आणि अळ्या शोधण्याची माझी खोड आडवी आली. जी, पी, वाय या अक्षरांच्या शेपट्या अर्ध्याच उमटल्या होत्या. आमच्या ऑफिसातल्या, पिनांनी ठिपके उमटवणाऱ्या प्रिंटरची सगळ्यात खालची पिन मेलेली होती. मीच मे महिन्यात वहीत लिहिलं होतं ते. काका तर मंडळाच्या नोटिसासुद्धा फाउंटन पेननं लिहायचे, त्यांच्या घरी टाईपरायटरही नव्हता. म्हणजे हा निर्णय आमच्या ऑफिसात छापला गेला होता, आणि तोही रविवारच्या आधी. दोन्ही बाजूंचं म्हणणं सविस्तर ऐकून घेतलं हे वाक्य छापलं गेलं, तेव्हा मी तोंडसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"गाडी वळवा," मी नवऱ्याला म्हणाले.

"मोटरवेवर?" तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "जाऊ दे ना. त्यांच्याशी वाकडं घेऊन आपण राहायचं कुणात?"

त्यानं ते चांगल्या मनानं म्हटलं, हे मला कळत होतं. तरी घर येईपर्यंत मी त्या अर्ध्या शेपट्याच मोजत बसले.

मंगळवारी मी लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले. तिथे वरच्या मजल्यावर मंगळवारी फुकट कायदेशीर सल्ला मिळतो अशी पाटी होती. ती पाटी मी कितीतरी वेळा पाहिली होती, पण ती आपल्यासाठी असेल असं कधी वाटलं नव्हतं. वर स्वेटर घातलेला एक किडकिडीत गृहस्थ बसला होता. मी त्याला काकांचा निर्णय दाखवला आणि विचारलं, यावर अपील करता येतं का?

त्यानं तो बाजूला ठेवून माझ्या सहीचा तो जुना कागद मागितला. त्याची माझी प्रतही रविवारपासून पर्समध्येच होती. वाचून तो म्हणाला, "अन्यायानं काढून टाकल्याची तक्रार ट्रिब्युनलकडे नेण्याचा हक्क अशा कागदावर सही करून सोडता येत नाही. कायद्यानं या कलमाला किंमत नाही. तुम्ही हवं तेव्हा जाऊ शकत होतात."

मला इतका आनंद झाला, की 'होतात' हा शब्द माझ्या कानांवरून तसाच गेला.

"मग जाते," मी म्हणाले.

"नोकरी कधी संपली?"

मी तारीख सांगितली. त्यानं मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि ऑगस्टपासून एकेक पान उलटत आला. नोव्हेंबरवर त्याचं बोट थांबलं.

"तीन महिन्यांची मुदत असते," तो म्हणाला. "आठ दिवसांपूर्वी संपली."

मी त्याला लवादाचं सांगितलं, थांबायला सांगितलं होतं म्हणून थांबले हे सांगितलं. तो म्हणाला, कंपनीतली आतली कारवाई चालू होती ही सबब सहसा चालत नाही. तरी अर्ज करून बघू म्हणाला. केला आम्ही अर्ज. उशिरा आला म्हणून तो ऐकूनही न घेता निकालात निघाला, पण ते पुढे.

त्या दुपारी घरी आल्यावर मी कोटही न काढता काकांना फोन लावला.

"काका, तीन महिन्यांची मुदत असते हे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तीस वर्षं पर्सोनेलमध्ये काढली मी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे? आणि सांगून काय झालं असतं? कोर्टकचेऱ्या, इंग्रजांसमोर आपल्या माणसाची बदनामी. तुझीच झाली असती. मी वाचवलं तुला त्यातून."

"आणि निर्णय आधीच छापून आणलेला होता."

"त्यानं फक्त टाईप करून दिला," काका म्हणाले. त्यांचा आवाज किंचितही चढला नाही. "आणि उशिराचं म्हणशील, तर सप्टेंबरमध्येच बसूया म्हणून मी विचारलं होतं तुला. पितृपक्षात नको, असं तूच म्हणालीस ना?"

हो, मीच म्हणाले होते. ज्या माणसापुढे मी मुलीला वाकून नमस्कार करायला लावत होते, त्यानं माझा केसानं गळा कापला होता, आणि केस माझ्याच डोक्यावरचा घेतला होता. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं रडले.

रडून झाल्यावर मला त्या सह्या आठवल्या. अकरा माणसांनी माझ्या तोंडाकडे बघून त्या कागदावर सही केली होती. उद्या त्यांच्यातल्या कुणावर ही वेळ आली, तर तोही काकांच्या चांगल्या दिवसाची वाट बघत बसेल. मी मुलीच्या वहीतल्या एका कोऱ्या पानावर अकरा नावं लिहिली आणि संध्याकाळी, सगळे घरी पोचले असतील अशा वेळी, पहिला फोन शेजारच्या टेबलवाल्या त्या इंग्रज बाईला लावला. तीन महिन्यांत ती मला एकदाही भेटली नव्हती. तिचा आवाज ऐकून मला बरं वाटलं.

"तो कागद तुला आठवतो?" मी घाईघाईनं म्हणाले. "मी फिरवलेला. त्याला काही किंमत नाही. तुला ट्रिब्युनलला जाता येतं, कुणी काही म्हटलं तरी. फक्त तीन महिन्यांच्या आत जायचं. मला माफ कर, मला तेव्हा माहीत नव्हतं."

"मला माहीत आहे, लव्ह," ती म्हणाली. "तू कागद दिलास त्याच संध्याकाळी मी तो माझ्या भावाला दाखवला. तो युनियनचं काम बघतो. तो म्हणाला, खुशाल सही कर, याला काही अर्थ नाही. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून तर सगळ्यांनी सह्या केल्या."

"सगळ्यांना?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

ती थोडी गोंधळल्यासारखी वाटली. "मला वाटलं तुला माहीतच असणार," ती म्हणाली. "तू तर त्यांच्या घरातली. कागद तूच आणला होतास."

मी तिला बरं म्हणाले, तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. समोरच्या पानावर आणखी दहा नावं होती. त्यांना फोन करण्याची आता गरज उरली नव्हती.